महावटेच्या आधी रात्र उबदार का होते? वायुराशी, आघाड्या आणि आपलं ग्वाल्हेर

दौलतगंज_ग्वाल्हेर | ८ जानेवारी, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी. प्रश्न जुना आहे. मुलगी अकरावीचा भूगोल घेऊन बसली आणि तो पुन्हा वर आला.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरात आजोबांचा वायुदाबमापक आहे. पितळी कडं, पांढरी तबकडी, काचेला एका कडेनं तडा गेलेला. तबकडीवर २८ ते ३१ इंचांच्या खुणा आणि वर इंग्रजी शब्द कोरलेले: स्टॉर्मी, रेन, चेंज, फेअर, व्हेरी ड्राय. आजोबांची पूजा साडेआठला आटोपायची. मग सोवळ्यातच ते काचेवर बोटानं दोनदा टकटक करायचे, काटा थरथरून स्थिर झाला की वहीत आकडा टिपायचे. सोबत वारा कुठला, रात्रीचं तापमान, आभाळ कसं. बस, एका दिवसाला एक ओळ. १९६० च्या दशकातल्या अशा चार वह्या माझ्याजवळ आहेत.

हिवाळ्याची पानं वाचताना एक क्रम सारखा भेटतो. दोन-तीन दिवस कडाका. मग 'वारा पूर्वेचा, रात्र उबदार'. मग 'पिसांसारखे ढग', कधी 'चंद्रास खळे'. मग महावट (बाहेरच्यांसाठी: पौष-माघातला पाऊस, माळव्यात मावठा म्हणतात). मग 'दाट धुके, सूर्यदर्शन नाही'. आणि शेवटी 'वारा वायव्येचा, अतिशय थंडी'. चारही वह्यांत हाच क्रम.

मला कळून घ्यायचंय ते हे. पावसाच्या आधी रात्र उबदार का होते? मुलीच्या पुस्तकात 'वाताग्र' म्हणून आहे, तेच का हे? आणि तिसरं, ज्याचं मला लहानपणापासून नवल वाटत आलंय: मे-जूनमध्ये, बाहेर लू चाललेली, मडक्यातलं पाणीसुद्धा कोमट, आणि हा काटा 'रेन'च्याही खाली! यंत्र बिघडलंय का?

---

मोरार_छावणी | ८ जानेवारी, रात्री ९:५०

ताई, काय सुंदर वह्या असतील! आमच्याकडेही आई म्हणायची, "पुरवाई सुटली, रजई हलकी करा, पण छत्री शोधून ठेवा."

थंडीचं म्हणाल तर ती सैबेरियातून येते ना? तिकडची हवा खाली उतरते आणि मध्ये कुठे अडायला काही नसल्यामुळे थेट आपल्यापर्यंत, असं टीव्हीवर ऐकलंय.

---

भूगोलाच्या_बाई_इंदूर | ९ जानेवारी, सकाळी ७:२०

मोरारकर, सैबेरियाचं हे दरवर्षी वर्गात मला खोडून काढावं लागतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

सैबेरियावर हिवाळ्यात जी थंडगार जड हवा साठते ती जमिनीलगत असते, दोन-तीन किलोमीटर जाडीची. आपल्या आणि तिच्या मधे तिबेटचं पठार आहे, सरासरी साडेचार हजार मीटरच्या वर, आणि हिमालय त्याहून उंच. ती हवा हे ओलांडून येऊच शकत नाही. अमेरिकेत असा आडवा डोंगर नाही. टेक्सासचं दक्षिण टोक आणि ग्वाल्हेर जवळजवळ एकाच अक्षांशावर, २६ अंशांच्या आसपास. तरी फेब्रुवारी २०२१ मध्ये ध्रुवाकडची हवा टेक्सासभर पसरली, घरांतले नळ गोठून फुटले, वीज गेली. आपल्याकडे तशी वेळ येत नाही ती हिमालयामुळे. आपली थंडी बरीचशी इथलीच: निरभ्र रात्री जमिनीची ऊब आकाशात निघून जाते, आणि वायव्येकडून पंजाब-राजस्थानावरची कोरडी थंड हवा सरकत येते.

आता वायुराशी. हवा एखाद्या सपाट, एकसारख्या प्रदेशावर बरेच दिवस पडून राहिली की त्या प्रदेशाचा गुण घेते. वाळवंटावर राहिली तर कोरडी, समुद्रावर राहिली तर ओली. हजार-दीड हजार किलोमीटर पसरलेला असा एकाच गुणाचा गठ्ठा म्हणजे वायुराशी. तो जागचा हलला की आपला गुण बरोबर घेऊन निघतो.

ग्वाल्हेरच्या दारात वर्षभरात अशा तीन-चार हवा येऊन जातात. हिवाळ्यात वायव्येची कोरडी-थंड. एप्रिलपासून थरच्या वाळवंटावर तापलेली, जिला आपण लू म्हणतो. जूनअखेरीपासून समुद्रावरची ओली, बंगालच्या उपसागराकडून आणि अरबी समुद्राकडून. शहर तेच, उंची तीच, सुमारे २०० मीटर. जानेवारीत ४ अंश आणि मेमध्ये ४५, हा फरक सूर्याचा आहेच, पण हवा कुठली आली आहे याचाही तेवढाच आहे. आमच्या इंदूरला साडेपाचशे मीटरची उंची सांभाळून घेते, तुम्हाला ती सोय नाही.

दोन वेगळ्या गुणांच्या हवा भेटल्या की पटकन मिसळत नाहीत. थंड हवा जड, ती पाचरीसारखी खाली शिरते. ऊबदार हवा तिच्या पाठीवरून वर चढते. त्या दोघींमधला तिरका पृष्ठभाग म्हणजे तुमच्या मुलीचं 'वाताग्र'. मराठी पुस्तकांत 'आघाडी' किंवा 'सीमापृष्ठ' म्हणतात. उतार फार मंद असतो. शीत आघाडीत एक किलोमीटर उंची गाठायला पन्नास ते शंभर किलोमीटर आडवं जावं लागतं, उष्ण आघाडीत दीडशे-दोनशे. म्हणून उष्ण आघाडी जमिनीवर अजून हजार किलोमीटर लांब असते तेव्हाच तिची वरची कड डोक्यावर येते आणि आठ-नऊ किलोमीटरवर बर्फाच्या कणांचे पिसांसारखे ढग दिसतात. त्या कणांतून चांदणं वळतं आणि चंद्राभोवती २२ अंशांचं कडं उमटतं. आजोबांचं खळं ते हेच.

तर माझं उत्तर: होय, वहीतला क्रम हा आघाडी डोक्यावरून जाण्याचाच क्रम आहे.

---

शिवाजीनगर_पुणे | ९ जानेवारी, सकाळी ११:०५

हवामानाच्या नोंदी घेण्यात माझी पस्तीस वर्षं गेली, म्हणून हा धागा पाहून फार आनंद झाला. पुण्यातले लोक ज्याला सिमला ऑफिस म्हणतात त्या १९२८ च्या इमारतीवरून मी रोज फिरायला जातो.

आधी यंत्र. ते बिघडलेलं नाही. तबकडीवरचे शब्द समुद्रसपाटीसाठी आणि युरोपातल्या हवेसाठी लिहिलेले आहेत. ग्वाल्हेर २०० मीटरवर, म्हणजे तिथला दाब समुद्रसपाटीपेक्षा २२-२४ हेक्टोपास्कल कमी, इंचांत पाऊण इंचाला थोडा कमी. मागे एक लहान स्क्रू असतो, तो फिरवून काटा स्थानिक उंचीशी जुळवायचा असतो. आजोबांनी तो जुळवलेला दिसत नाही. म्हणून जानेवारीत आभाळ लख्ख असतानाही काटा 'रेन' आणि 'चेंज'च्या मधे, २९.३ च्या आसपास असणार. बरोबर ना?

मे-जूनचं कारण आणखी वेगळं. उन्हाळ्यात राजस्थान, सिंध, पंजाब इतके तापतात की तिथली हवा फुगते, वर जाते आणि दाब वर्षातला सर्वांत कमी होतो. त्या काळात तुमचा काटा २८.८ च्या जवळ उतरतो. दाब कमी आहे ही गोष्ट खरी. त्यावरून 'पाऊस' म्हणणं हा तबकडीवरचा युरोपचा अनुभव. तिकडे दाब उतरतो तो बहुतेक आघाडी घेऊन येणाऱ्या वादळामुळे. आपल्याकडे तापलेल्या जमिनीमुळेही उतरतो, आणि तिथे कोरडी हवा असेल तर पाऊस पडणार कुठून? हाच उतरलेला दाब पुढे मोसमी वाऱ्याला आत ओढतो, ती गोष्ट निराळी.

एक कळकळीची विनंती: स्क्रू फिरवू नका. चार वह्या त्याच जुळणीवर लिहिलेल्या आहेत. आज फिरवलात तर उद्याचा आकडा आजोबांच्या आकड्याशी ताडून पाहता येणार नाही.

---

दौलतगंज_ग्वाल्हेर | ९ जानेवारी, दुपारी ४:३०

काका, वाचून अंगावर काटा आला. आत्ता पाहिलं. सकाळी १० वाजता २९.३३ होता! स्क्रूला हात लावत नाही.

पण आत्ता, दुपारी चारला, २९.२४ आहे. सहा तासांत इतका उतरला. म्हणजे काही येतंय का?

---

शिवाजीनगर_पुणे | ९ जानेवारी, संध्याकाळी ६:१०

नाही, हा रोजचा श्वास आहे. उष्ण कटिबंधात आणि त्याच्या आसपास दाब दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो. सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे चार आणि दुपारी चारला खाली. सूर्य वरच्या वातावरणाला तापवतो, त्यातून ही भरती-ओहोटी उठते. सकाळी दहा ते दुपारी चार हा उतार तुमच्याकडे दशांश इंचापर्यंत जातो, आणि हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या पुष्कळशा विक्षोभांत (कमी दाबाच्या वादळी लाटांत) दाब उतरतो तोही एवढाच! म्हणून सकाळचा आकडा दुपारशी ताडू नये. आज दहाचा उद्या दहाशी ताडावा. वेधशाळाही नकाशावर चोवीस तासांतला फरकच मांडते. आजोबा पूजेनंतर ठरल्या वेळी पाहत, त्यांना हे उमजलेलं होतं असं मला वाटतं.

आता बाईंच्या उत्तरात थोडी भर घालतो, आणि एका जागी मतभेद नोंदवतो.

आघाडीची कल्पना नॉर्वेतल्या बर्गनची. पहिल्या महायुद्धात बाहेरच्या तारा बंद झाल्या, समुद्रावरचं हवामान कळेना, मच्छीमार आणि शेतकरी अडचणीत. विल्हेल्म ब्यर्कनेस १९१७ मध्ये लाइपझिगहून बर्गनला आले आणि पश्चिम किनाऱ्यावर निरीक्षकांची दाट साखळी उभी केली. इतक्या जवळजवळच्या नोंदी नकाशावर आल्यावर तापमान आणि वारा एका रेषेवर एकदम बदलतात हे दिसलं. त्यांचा मुलगा याकोब याने १९१९ मध्ये ते मांडलं, तेव्हा तो विशी ओलांडून जेमतेम एक-दोन वर्षं झाली होती. युरोप नुकताच रणांगणातून बाहेर पडला होता, म्हणून त्या रेषेला सैन्याच्या आघाडीचं नाव मिळालं. शीत आघाडी उष्ण आघाडीला गाठते आणि ऊबदार हवा जमिनीवरून पार उचलली जाते, त्या अवस्थेचा उलगडा टोर बेर्येरोन यांचा.

पुढे ही पद्धत भारताच्या नकाशांवरही वापरून पाहिली गेली. हिवाळ्यात आपल्याकडे येणारा पश्चिमी विक्षोभ (आमच्याकडच्या पेपरात पश्चिमी चक्रावात) भूमध्य समुद्र, काळा समुद्र, कॅस्पियन या पट्ट्यातून निघतो. सुमारे बारा किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या पश्चिमी झोतवाऱ्याच्या अंगानं इराण-अफगाणिस्तान पार करून येतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत महिन्याला चार-सहा. पण वाटेत डोंगर आहेत. खालची हवा तिथेच विस्कटते, आणि जे पोचतं ते पुष्कळदा वरच्या थरातली द्रोणी (कमी दाबाचा लांबट पट्टा), खाली राजस्थानावर एक चक्राकार वारा. पुस्तकातली स्वच्छ रेघ, जिच्या अलीकडे ऊन आणि पलीकडे गारठा, ती ग्वाल्हेरच्या जमिनीवर क्वचित सापडेल. म्हणून 'आघाडीच' असं ठामपणे म्हणायला मी कचरतो.

---

भूगोलाच्या_बाई_इंदूर | ९ जानेवारी, रात्री ८:४५

काका, मान्य आहे, पण मग मुलांपुढे काय ठेवायचं? पुस्तकात चार प्रकार आहेत: शीत, उष्ण, स्थिर आणि अधिविष्ट (शीत उष्णेला गाठते ती). मुलं ते पाठ करतात, युरोपच्या नकाशावर निळे त्रिकोण आणि लाल अर्धवर्तुळं काढतात आणि मोकळी होतात. मी जर म्हटलं की इथे हे नाही, तर त्यांच्या दृष्टीनं हा धडाच परका ठरतो. ताईंच्या वहीतला क्रम मला वर्गात हवा आहे. त्यात वारा फिरतो, रात्रीचं तापमान फिरतं, ढग वरून खाली उतरत येतात. मूळ तत्त्व तेच नाही का?

---

शिवाजीनगर_पुणे | ९ जानेवारी, रात्री ९:३०

तत्त्व तेच, बाई. दोन हवांची अदलाबदल खरीच होते. फक्त रेघ पुसट असते आणि एका तासाऐवजी दीड-दोन दिवस घेते. मुलांना रेघ शोधायला लावू नका, क्रम शोधायला लावा. तुमचं म्हणणं मला पटलं.

उबदार रात्रीचं राहिलं. राजस्थानावर चक्राकार वारा तयार झाला की त्याच्या पुढच्या बाजूला, म्हणजे ग्वाल्हेरकडे, वारा आग्नेय-पूर्वेचा होतो आणि समुद्राकडची ओल आणतो. ओली हवा आणि वरचे ढग रात्री जमिनीची ऊब अडवून धरतात. किमान तापमान एका रात्रीत चार-पाच अंश चढतं. हीच तुमची उबदार रात्र, आणि महावटेची पहिली खूण.

---

चंबळकाठ | १० जानेवारी, सकाळी ६:४०

माझी शेती मुरैन्याकडे आहे, बरीचशी मोहरी, थोडा गहू. घर ग्वाल्हेरात जीवाजीगंजला. मी हवामान शिकलेलो नाही, पण जन्म त्यात गेलाय, म्हणून एक सांगतो.

काका म्हणतात स्वच्छ रेघ इथे दिसत नाही. हिवाळ्यात नसेल. मे महिन्यात मी ती डोळ्यांनी पाहतो. दुपारी चारपर्यंत लू, आभाळ पांढुरकं. मग वारा एकदम पडतो. पाखरं झाडात शिरतात, म्हशी दावणीला ओढ घेतात. पश्चिमेला तपकिरी भिंत उभी राहते, जमिनीपासून आभाळापर्यंत, तिची खालची कड पुढे आलेली आणि आतल्या आत गुंडाळत येणारी. पाच-सात मिनिटांत अंगावर. अंधार, तोंडात रेती, आणि त्या रेतीबरोबर गार वारा. घाम जिरतो, अंगावर शहारा येतो. २ मे २०१८ ची आंधी आठवत असेल. आग्रा, धौलपूर, भरतपूर, सगळा पट्टा झोडपला. एका रात्रीत शंभरावर माणसं गेली, पुष्कळशी भिंती आणि झाडं पडून. ती काय होती मग?

---

शिवाजीनगर_पुणे | १० जानेवारी, सकाळी १०:२०

तुम्ही पाहिलीत ती आघाडीच, दादा, फक्त लहान आणि काही तासांची. वादळी ढगातून पाऊस पडू लागतो, खाली कोरड्या हवेत त्याची वाफ होते, त्यात हवेची ऊब खर्च होते. ती गार झालेली जड हवा धपकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे धावते. पुढची कड गरम हवेखाली पाचर घालत जाते, तीच तुमची गुंडाळत येणारी भिंत. तापमान काही मिनिटांत दहा-बारा अंश उतरतं. बर्गनकरांनी शीत आघाडीबद्दल जे लिहिलं ते सगळं इथे लहान आकारात दिसतं.

२०१८ च्या त्या दिवशी वाळवंटाकडची तापलेली कोरडी हवा, बंगालच्या उपसागराकडून आलेली ओली पूर्वेची हवा आणि वरून जाणारा पश्चिमी विक्षोभ, तिन्ही एकत्र आले होते.

---

सयाजीगंज_वडोदरा | १० जानेवारी, दुपारी १:००

आमच्याकडे या आठवड्यात सगळ्यांचं लक्ष वाऱ्यावर आहे, कारण १४ ला उत्तरायण. माझा अनुभव असा की उत्तरेत विक्षोभ पुढे सरकला की दिवस-दोन दिवसांत इथे उत्तरेचा वारा नीट लागतो आणि पतंग चढतात. विक्षोभ नेमका डोक्यावर असला, ढग आले, की वारा पडतो आणि गच्चीवर माणसं मांजा हातात धरून बसून राहतात. ताई, तुमच्याकडे पाऊस कधी होतो ते कळवत राहा, मला त्यावरून आमचा वारा ताडायचा आहे.

---

दौलतगंज_ग्वाल्हेर | ११ जानेवारी, सकाळी १०:१०

काल रात्री किमान ५.५ होतं, आज ९. गच्चीवरच्या तुळशीचं पान पश्चिमेकडे झुकतंय, म्हणजे वारा पूर्वेचा. काटा २९.२८, कालच्या दहापेक्षा खाली.

---

दौलतगंज_ग्वाल्हेर | ११ जानेवारी, रात्री ९:५५

मंडळी, खळं!!! मुलगी ओरडत खाली आली. चंद्राभोवती मोठं कडं आहे, आतल्या बाजूला किंचित तांबूस. हात लांब करून पंजा पसरला तर अंगठा चंद्रावर आणि करंगळी कड्यावर येते. आकाश निरभ्र वाटतं पण तारे पुसट आहेत. साठ वर्षांपूर्वीची वही आणि आजची रात्र एकाच पानावर आल्यासारखं वाटतंय.

---

चंबळकाठ | ११ जानेवारी, रात्री १०:१५

इथेही दिसलं. उद्या मोहरीला पाणी द्यायचं होतं, मोटर बंद ठेवतो. देव करो, गारा नकोत. शेंगा भरायला लागल्यात.

---

माळवा_शेतकरी | ११ जानेवारी, रात्री १०:४०

गारांचं नाव काढलंत आणि २०१४ आठवलं. फेब्रुवारी संपता संपता सुरू झाल्या त्या मार्चच्या मध्यापर्यंत, आमच्याकडे आणि महाराष्ट्रातही. उभा गहू जमिनीवर. त्या वेळी विक्षोभाची वरची थंड द्रोणी खूप दक्षिणेपर्यंत उतरली होती आणि खालून समुद्राची ओल येत होती, असं नंतर वाचलं. जानेवारीत खालची हवा तेवढी तापलेली नसते, म्हणून मोठ्या गारांची भीती कमी. तरी जीव टांगणीला असतोच. मावठा वेळेवर आणि शांत पडला तर गव्हा-हरभऱ्याला एक पाणी फुकट.

---

दौलतगंज_ग्वाल्हेर | १३ जानेवारी, सकाळी १०:२०

काल रात्री अकराला सुरू झाला, पहाटे पाचपर्यंत. बारीक, सारखा, गडगडाट नाही. काटा काल दुपारी सर्वांत खाली गेला होता, आता वर चढतोय. महाराज बाड्याचा चौक धुऊन निघालाय. किमान ११.

---

चंबळकाठ | १३ जानेवारी, सकाळी १०:५०

गारा नाहीत. जमीन वीतभर भिजली. आता ढग गेले पाहिजेत, ढगाळ राहिलं तर माहू (मावा कीड) पडतो मोहरीवर.

---

मोरार_छावणी | १४ जानेवारी, सकाळी ८:००

तिळगूळ घ्या सगळे. इथे मात्र समोरचं घर दिसत नाही! लेकाची दिल्लीहून येणारी गाडी चार तास उशिरा. रुळावर धुक्याचे फटाके (पुढे सिग्नल आहे हे चालकाला कळावं म्हणून लावलेले) फुटल्याचा आवाज येतोय. विक्षोभ तर गेला, मग हे का?

---

भूगोलाच्या_बाई_इंदूर | १४ जानेवारी, सकाळी ९:१५

गेला म्हणूनच. जमीन ओली, आभाळ रात्री मोकळं झालं, वारा अजून लागलेला नाही. जमीन ऊब सोडून गार झाली, तिला चिकटलेली ओली हवा गार झाली, आणि ढग जमिनीवरच तयार झाला. वर थोडी ऊबदार हवा झाकणासारखी बसते, म्हणून तो हलत नाही. ५० मीटरच्या आत दिसेनासं झालं की वेधशाळा त्याला अति दाट धुकं म्हणते. गंमत अशी की धुक्यात रात्र फार गार नसते, दिवस गार असतो. ऊन जमिनीपर्यंत पोचतच नाही. म्हणून 'शीत लहर' आणि 'शीत दिवस' असे दोन वेगळे इशारे असतात. लहान मुलं आणि म्हातारी माणसं शीत दिवसांत जास्त आजारी पडतात, त्यांना जपा.

वायव्येचा कोरडा वारा सुटला की हे झाकण निघेल. तोवर वाट पाहायची.

---

सयाजीगंज_वडोदरा | १४ जानेवारी, संध्याकाळी ७:३०

सकाळी वारा मंद होता, अकरानंतर उत्तरेचा लागला तो सूर्यास्तापर्यंत. ताई, तुमच्या खळ्याबद्दल घरातल्या मुलांना सांगितलं होतं, त्यांनी गच्चीवरून तुमच्या नावानं जयजयकार केला.

---

दौलतगंज_ग्वाल्हेर | १६ जानेवारी, सकाळी १०:१०

काल दुपारी धुकं फाटलं. वारा वायव्येचा, तुळस आता आग्नेयेला झुकलीय. काटा २९.४१, या दहा दिवसांतला सर्वांत वर. किमान ४.५. आजोबांचं 'अतिशय थंडी'.

---

चंबळकाठ | १६ जानेवारी, दुपारी २:००

काका, आज रात्री पाला (पिकावर गोठणारं दंव) पडेल का? वारा संध्याकाळी पडतो असं दिसतंय. पाणी देऊ की नको? आमच्याकडे पाल्याच्या रात्री हलकं पाणी देतात, बांधावर धूर करतात.

---

शिवाजीनगर_पुणे | १६ जानेवारी, दुपारी २:४०

आभाळ मोकळं, हवा कोरडी, वारा पडलेला: पाल्याला हवं ते सगळं आहे. वेधशाळेचा ४ अंश हा जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंचीचा असतो. पिकाच्या उंचीवर त्याहून तीन-चार अंश कमी असू शकतं. पाणी यासाठी देतात की ओली जमीन दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. तुमची जमीन महावटेनं भिजलेलीच आहे. खणून पाहा, वरची दोन-चार बोटं अजून ओली असतील तर पाण्याची गरज नाही. वाळली असेल तर संध्याकाळी हलकं द्या.

शेतात उतार आहे का? थंड हवा जड, ती पाण्यासारखी उताराला वाहते. सगळ्यांत खोल जागा सांभाळा.

---

चंबळकाठ | १७ जानेवारी, सकाळी ९:३०

रात्रभर जागा होतो. नाल्याकडची पट्टी खोल आहे, तिथली माती वर वाळली होती, म्हणून फक्त तिथे पाणी दिलं. बाकी तसंच ठेवलं. पहाटे पाचला बॅटरी घेऊन फिरलो. वरच्या शेतातून नाल्याकडे उतरताना वीसेक पावलांत पायांना गारवा लागला, गुडघ्याच्या खाली वेगळी हवा आणि वर वेगळी. शेजाऱ्याच्या खोलगट वावरात पानांवर पांढरी साय होती. माझ्या पट्टीत बांधाच्या गवतावर होती, मोहरीवर नाही. शेंगा फोडून पाहिल्या, दाणा हिरवा आणि टणक आहे.

---

शिवाजीनगर_पुणे | १७ जानेवारी, सकाळी १०:०५

गुडघ्याखाली वेगळी हवा! दादा, हे वाक्य मी लिहून ठेवलं. बाई, वर्गात आघाडी शिकवायची तर हेच सांगा.

ताई, वह्यांच्या पानांचे फोटो काढून ठेवा, शाई उडायच्या आत. प्रत्येक पानाबरोबर यंत्राची जागा, घराची उंची आणि नोंदीची वेळ लिहा.

---

दौलतगंज_ग्वाल्हेर | १८ जानेवारी, रात्री ९:००

पहिल्या वहीचे फोटो झाले, ९६ पानं. मुलीनं पाचवी वही सुरू केली आहे, साडेआठ आणि दहा अशा दोन्ही वेळा टिपते. तबकडीला हात लावला नाही, पण खाली भिंतीवर तिनं एक कागद चिकटवलाय, तिच्या अक्षरात:

'ग्वाल्हेर, २०० मीटर. जानेवारी, सकाळी १०: २९.३ च्या जवळ. कालच्या दहापेक्षा खाली आणि वारा पूर्वेचा: महावट. कालच्या दहापेक्षा वर आणि वारा वायव्येचा: कडाका. जून: अजून पाहायचं आहे.'